अफवा मराठीत येते, खुलासा इंग्रजीत

नागपूरच्या इतवारीत वडिलांचं किराणा दुकान आहे आणि स्वतः अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, अशा एका मुलीनं मला विचारलं: “काका, रिझर्व्ह बँक आता एसएमएस पाठवते, ट्विटरवर आहे, गव्हर्नरांचं निवेदन यूट्यूबवर थेट दिसतं, व्हॉट्सॲप चॅनेलही सुरू झालंय. पण माझ्या बाबांपर्यंत यातलं नेमकं काय पोचतं? की हे सगळं शेअर बाजारवाल्यांसाठीच आहे? आणि मोबाइलवर आलेला निरोप खरा की खोटा, हे बाबांनी ओळखायचं कसं?”

बेटा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर बाबांच्या गल्ल्यातच आहे. रात्री दुकान बंद करताना त्यांना विचार, दहा रुपयांची नाणी किती साठली आणि त्यातली किती गिऱ्हाइकांनी सुट्टे म्हणून घ्यायला नकार दिला.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, बहुतेक सगळी नागपूर शहरात आणि जिल्ह्यातल्या शाखांत. निवृत्तीनंतर काही वर्षं सावनेर-काटोल भागात वित्तीय साक्षरतेचं काम केलं. त्यामुळे मी सांगतो ते काउंटरच्या अलीकडून पाहिलेलं आहे. मुंबईत धोरण ठरतं तिथलं नाही, ते धोरण माणसाच्या तोंडात कसं येतं तिथलं.

तर दहाचं नाणं. रुपयाचं नवं चिन्ह नाण्यांवर जुलै २०११ पासून आलं. त्यामुळे चिन्ह असलेली आणि नसलेली अशी दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरू लागली. मग कुणीतरी उठवलं की दहा रेघांचं नाणं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं. रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१६ ला खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा सांगितलं की दहाचं नाणं आजवर १४ नमुन्यांत काढलं आहे आणि चौदाही चालतात. १४४४० या क्रमांकाची सोय केली. फोन लावला की तो आपोआप कट व्हायचा, मग तिकडून फोन यायचा आणि ध्वनिमुद्रित माहिती ऐकू यायची. लोकांना एसएमएसही गेले.

त्याच सुमारास गोकुळपेठ बाजारात मी मेथीच्या जुडीसाठी एका बाईंपुढे दहाचं नाणं धरलं. “चालत नाही जी हे.” मी बँकेतला माणूस. खिशातून मोबाइल काढला आणि प्रसिद्धिपत्रक दाखवलं. ते इंग्रजीत. मी मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमचं खरं आहे साहेब, मी नाही कुठं म्हणून राहिली. पण पुढचा घेत नाही, तर मी काऊन घेऊ?”

हे वाक्य मी तेव्हापासून विसरलेलो नाही. त्या बाईंना माहिती नव्हती असं नाही. नाणं खरं आहे हे त्यांना मान्य होतं. पैसा म्हणजे पुढचा माणूस घेईल ती वस्तू, हे अर्थशास्त्राचं मूळ त्यांना पुरतं ठाऊक होतं. अडचण अशी होती की पुढच्या माणसाला हे माहीत आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. आणि एसएमएस ती खात्री देऊ शकत नाही. एसएमएस प्रत्येकाच्या कानात वेगवेगळा बोलतो. तो मला आला हे मला कळतं, शेजारच्या गाड्यावाल्याला आला का, त्यानं वाचला का, त्याला पटला का, हे कळत नाही.

म्हणून आम्ही सावनेरच्या आठवडी बाजारात वेगळा प्रयोग केला. टेबल मांडलं, रोखपालाला बसवलं, भोंगा लावला आणि मराठीत पुकारा केला की बँक आज इथं दहाची नाणी घेते आहे, कोणत्याही रेघांची, आणि बदल्यात नोटा देते आहे. पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही. मग एक कांदेवाला पिशवीतून चाळीसेक नाणी घेऊन आला. रोखपालानं ती सगळ्यांसमोर मोजली आणि चारशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. तासाभरात नाणी द्यायला येणाऱ्यांपेक्षा न्यायला येणारे जास्त झाले, कारण बाजारात सुट्ट्यांची टंचाई होतीच. नियम जुनाच होता, पत्रकही जुनंच होतं. फरक एवढाच की सगळ्यांनी सगळ्यांसमोर ऐकलं आणि पाहिलं.

मध्यवर्ती बँकेच्या संवादाबद्दल मला सांगायचं आहे ते यातच आलं. निरोप पाठवला म्हणजे पोचला असं नाही, आणि एकेकट्याला पोचला म्हणजे बाजारात रुजला असंही नाही. अफवा मात्र या दोन्ही अटी पूर्ण करूनच येते. ती मराठीत येते, ओळखीच्या माणसाकडून येते, आणि चहाच्या टपरीवर चार जण ऐकत असताना सांगितली जाते. खुलासा इंग्रजीत येतो, त्याची हिंदी प्रत निघते, आणि तो एका संकेतस्थळावर जाऊन बसतो. ही शर्यत बरोबरीची नाही.

आता तुझ्या अभ्यासाच्या बाजूनं बघू. मध्यवर्ती बँका पूर्वी बोलतच नसत. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं दर बदलल्यावर लगेच निवेदन काढायला सुरुवात केली ती फेब्रुवारी १९९४ मध्ये. त्याआधी दर बदलला की नाही हे जाणकारांनी पैशांच्या बाजारातल्या हालचालींवरून ताडायचं. बैठकीनंतर अध्यक्षांनी पत्रकारांसमोर बसून प्रश्न घ्यायची प्रथा तर एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली. विचार हळूहळू बदलला, कारण एक गोष्ट लक्षात आली: व्याजदर आज काय आहे यापेक्षा पुढे काय होईल असं लोकांना वाटतं, त्यावर कर्ज, गुंतवणूक आणि किमती जास्त हलतात. म्हणजे बोलणं हेच एक हत्यार झालं.

ते हत्यार दोन्ही बाजूंनी चालतं. जुलै २०१२ मध्ये युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्राघी यांनी युरो टिकवण्यासाठी जे लागेल ते करू, असं लंडनमध्ये सांगितलं आणि इटली-स्पेनच्या रोख्यांवरचा, म्हणजे त्या सरकारांनी घेतलेल्या कर्जाच्या कागदांवरचा, ताण ओसरू लागला. त्यासाठी नंतर जाहीर केलेली रोखेखरेदीची योजना कधी वापरावीच लागली नाही. उलट २२ मे २०१३ ला फेडचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी आपली रोखेखरेदी पुढे कमी करता येईल, एवढं नुसतं सूचित केलं, तर परकीय पैसा परत जाईल या धास्तीनं आपला रुपया डॉलरला पंचावन्नच्या आसपास होता तो ऑगस्टअखेर अडुसष्टच्या पलीकडे घसरला. बाबांना विचार, ते वर्ष त्यांच्या नक्की लक्षात असेल. आपण खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे वॉशिंग्टनमधलं एक वाक्य इतवारीतल्या तेलाच्या डब्यावर येऊन आदळतं. शेजारच्या सराफा ओळीला तर ते त्याच दिवशी कळतं. तेव्हा “हे शेअर बाजारवाल्यांसाठीच का” याचं उत्तर नाही असंच आहे. परिणाम सगळ्यांवर होतो, ऐकू मात्र थोड्यांना येतं.

आपल्याकडे २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल झाला आणि व्याजदर ठरवणारी सहा जणांची पतधोरण समिती आली. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ ते ६ च्या मध्ये ठेवायची, हे लक्ष्य ठरलं. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त जाहीर करायचं, त्यात कुणी काय मत दिलं आणि का दिलं ते नावासकट, हेही कायद्यातच लिहिलं. बैठकीच्या आधी आणि नंतर सात-सात दिवस सदस्यांनी धोरणावर बाहेर बोलायचं नाही, अशी शिस्त घातली. ही मोठी गोष्ट आहे. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात निर्णय का झाला हे कळायला मार्गच नव्हता, परिपत्रक आलं की अंमलबजावणी करायची.

एका ठिकाणी मात्र मला अजून खटकतं. महागाई सलग तीन तिमाह्या मर्यादेबाहेर राहिली तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला कारणं आणि उपाय लिहून द्यायचे असतात. २०२२ मध्ये हे पहिल्यांदा घडलं, ३ नोव्हेंबरला त्यासाठी खास बैठक झाली, पत्र गेलं, पण ते लोकांसमोर आणलं नाही. कायदा ते जाहीर करायला सांगत नाही, हे खरं. पण ज्या महागाईबद्दल ते पत्र होतं ती सोसणारे आपण होतो. चुकलं कुठं हे सांगणारं पत्र उघड झालं असतं तर विश्वास कमी झाला नसता, वाढला असता, असं माझं ठाम मत आहे.

भाषेबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. इंग्रजीत पंचवीस बेसिस पॉइंट म्हणतात. मराठी वर्तमानपत्र “पाव टक्का” लिहितं आणि विषय संपतो. पाव, अर्धा, पाऊण हे आपल्याकडे वजनात, मापात, हिशेबात रोजचं आहे. ज्या कुणा उपसंपादकानं हा शब्द पहिल्यांदा वापरला असेल, त्यानं लाखो लोकांचं काम सोपं केलं. याच्या उलट उदाहरण धोरणाच्या रोखाचं, म्हणजे पुढे दर कुठल्या दिशेनं जातील या इशाऱ्याचं. इंग्रजीतल्या ‘अकोमोडेटिव्ह’ शब्दाला रिझर्व्ह बँकेच्या हिंदीत “निभावकारी” म्हणतात. मी एकदा प्रशिक्षणात हा शब्द फळ्यावर लिहिला आणि अर्थ विचारला. चाळीस जणांत एकालाही सांगता आला नाही, आणि ते सगळे बँकेचे कर्मचारी होते. “हात सैल ठेवला आहे”, “हात आवळत आणतो आहोत”, “दोन्ही बाजूंना मोकळे आहोत” असं म्हटलं तर तुझी आजीसुद्धा समजेल.

आणि हा रोखाचा शब्द क्षुल्लक नसतो. ६ जून २०२५ ला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं उधार देते तो दर, अर्ध्या टक्क्यानं कमी होऊन ५.५० वर आला, ही मोठी कपात होती. पण त्याच निवेदनात रोख “तटस्थ” केला, म्हणजे पुढे आणखी कपात होईलच असं धरून चालू नका. रोख्यांच्या बाजारानं कपातीपेक्षा त्या एका शब्दाकडे जास्त लक्ष दिलं. शाखेत मात्र सगळे विचारत होते, अजून किती कमी होईल, थांबू का घर घ्यायला? निवेदनात उत्तर होतं, त्यांच्या कानापर्यंत ते आलंच नव्हतं.

चांगली उपमा काय करते तेही सांगतो. एप्रिल २०२४ च्या पतधोरणात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी महागाईला हत्ती म्हटलं होतं. तो आता फिरायला बाहेर पडलाय, जंगलाच्या वाटेला लागल्यासारखा दिसतोय, पण तो जंगलात जाऊन तिथंच राहिला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. त्या सुमारास वडशाकडचा एक बँकमित्र, म्हणजे गावात बँकेच्या वतीनं व्यवहार करून देणारा माणूस, नागपुरात प्रशिक्षणाला आला होता. गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत छत्तीसगडकडून रानहत्ती येतात, धानाच्या बांध्या तुडवतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. मी गव्हर्नरांचं वाक्य मराठीत सांगितलं, तसा तो लगेच म्हणाला, “म्हणजे हत्ती दिसून नाही राहिला म्हणून जागल सोडायची नाही.” महागाई कमी झाली तरी रिझर्व्ह बँक दर का उतरवत नाही, हे मी वर्गात अर्धा तास समजावत होतो. त्यानं एका ओळीत सांगितलं.

संवाद एकतर्फी नाही, याचाही एक धागा नागपुरात आहे आणि तो फार कुणाला माहीत नसतो. रिझर्व्ह बँक देशातल्या १९ शहरांत घरोघर जाऊन विचारते की तुम्हाला आज महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती असेल, वर्षानं किती असेल. त्या १९ शहरांत नागपूर आहे. लोक सांगतात तो आकडा सरकारी आकड्यापेक्षा नेहमीच बराच वर असतो. काही जण याला लोकांचं अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस रोज जे विकत घेतो त्याचा भाव लक्षात ठेवतो. टीव्ही सात वर्षांतून एकदा घेतला जातो, त्याचा भाव उतरला तरी कुणाच्या लक्षात राहत नाही. तूरडाळ, तेल आणि टोमॅटो मात्र दर आठवड्याला डोळ्यांत भरतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं किरकोळ बाजारातली महागाई ७.४४ टक्क्यांवर नेली, तरी रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टच्या बैठकीत दर हलवला नाही, कारण भाजीचा भाव पुढचं पीक आलं की उतरतो आणि व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत. निर्णय बरोबर होता. पण “आम्ही तुमच्या टोमॅटोकडे दुर्लक्ष करत नाही, आम्ही या कारणासाठी थांबलो आहोत” हे कळमन्याच्या बाजारात कुणी येऊन सांगितलं नाही.

संवादाची खरी परीक्षा घबराटीच्या वेळी होते. दोन वेळा मी ती जवळून पाहिली.

पहिली २०१६ ची. ८ नोव्हेंबरला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्याचं पंतप्रधानांनी सांगितलं, ते सगळ्या देशानं एकाच वेळी ऐकलं. पुढचे पन्नास दिवस मात्र नियम सारखे बदलत राहिले. १९ डिसेंबरला नियम आला की पाच हजारांवरची जुनी रक्कम एकदाच भरता येईल आणि आधी का भरली नाही ते दोन अधिकाऱ्यांसमोर सांगावं लागेल. २१ डिसेंबरला केवायसी पूर्ण असलेल्या खात्यांसाठी तो नियम मागे घेतला. मधल्या दिवशी, २० तारखेला, एक हार्डवेअर दुकानदार रक्कम भरायला आला होता. त्याचं कारण मी नोंदवून घेतलं नाही, समाधानकारक नाही म्हणून परत पाठवलं. २२ ला तो पुन्हा आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “साहेब, तुम्ही परवा खोटं बोलले की आज बोलून राहिले?” दोन्ही दिवशी मी नियमच सांगितला होता. पण त्याच्या लेखी बँक म्हणजे मीच होतो, आणि माझा शब्द फिरला होता. नंतर मी त्याच्या दुकानात जाऊन माफी मागितली. त्यानं चहा पाजला, खातं मात्र वर्षभरानं दुसरीकडे हलवलं.

दुसरी वेळ मार्च २०२०. गुरुवार ५ मार्चला येस बँकेतून पन्नास हजारांवर रक्कम काढायला बंदी आली. ती बंदी १८ मार्चला उठली, पण मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठल्या बँकांच्या याद्या फिरल्या. रविवारी, ८ मार्चला, रिझर्व्ह बँकेनं ट्विटरवर सांगितलं की काही बँकांच्या ठेवींबद्दलची भीती चुकीच्या विश्लेषणावर आधारलेली आहे, बँकेची भक्कमता शेअरबाजारातल्या किमतीवरून नाही तर भांडवल पर्याप्ततेच्या प्रमाणावरून मोजतात. रविवार असून वाट पाहिली नाही, हे कौतुकाचं. सोमवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका चार एफडीच्या पावत्या घेऊन माझ्यासमोर बसल्या. मुलानं पुण्याहून ते ट्विट त्यांना पाठवलं होतं. “हे प्रमाण म्हणजे काय, ते मराठीत सांगा, मग ठरवते.” मी स्लिपच्या मागे आकृती काढली. बँकेनं शंभर रुपयांची कर्जं दिली आहेत. त्यातली काही बुडाली तर ठेवीदाराच्या पैशाला हात लागायच्या आधी मालकांचे स्वतःचे किती रुपये भरपाईला उभे आहेत, तो हा आकडा, आणि आपल्याकडे तो किमान नऊ लागतो. मग दुसरी गोष्ट सांगितली, की ठेवीच्या विम्याची मर्यादा महिनाभरापूर्वीच, ४ फेब्रुवारीला, एका लाखावरून पाच लाख झाली आहे. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. पावत्या त्यांनी पर्समध्ये परत ठेवल्या.

आज तीच घबराट अधिक वेगानं येते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायची मागणी आली. दारात रांग लागायची गरजच पडली नाही, लोकांनी मोबाइलवरून पैसे हलवले. आमच्या काळी रांग दिसायची, शाखाधिकारी बाहेर येऊन बोलू शकायचा, पाणी द्यायचा, कॅशची पेटी आल्याचं लोकांना दिसायचं. अदृश्य रांगेशी बोलायचं तर मध्यवर्ती बँकेला तासाभरात बोलावं लागेल.

२०२३ मध्ये दोन हजाराच्या नोटेच्या वेळी पुष्कळ सुधारणा दिसली. १९ मे च्या संध्याकाळी पत्रक आलं, सोबतच प्रश्नोत्तरं आली, नोट वैध राहील असं स्पष्ट लिहिलं, २३ मे पासून एका वेळी वीस हजारांपर्यंत बदलून मिळतील असा आकडा दिला, ३० सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली. २२ तारखेला गव्हर्नर स्वतः माध्यमांशी बोलले की घाई करू नका, चार महिने आहेत. शाखांत रांगा होत्या, पण २०१६ सारखी धावपळ झाली नाही. तरी शेवटचा टप्पा सुटलाच. मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांतच नोटा घ्यायचं ठरलं, त्यात आपलं संविधान चौकातलं कार्यालयही होतं. तिथं मला गोंदियाहून पहाटेच्या गाडीनं आलेले एक आजोबा भेटले, पाच नोटा घेऊन. टपालानं पाठवल्या तरी रक्कम थेट खात्यात जमा होते, ही सोय जाहीर झालेली होती. त्यांच्यापर्यंत ती पोचलेली नव्हती.

आता खरं-खोटं ओळखण्याचं. बाबांना नियम पाठ करायला लावू नकोस, चार सवयी लाव. रिझर्व्ह बँक कुणाही सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही, त्यामुळे “तुमचं खातं रिझर्व्ह बँकेनं गोठवलंय” असा फोन ऐकला की तिथंच ठेवून द्यायचा. गव्हर्नर कधीही कुठल्या योजनेत पैसे टाका असं सांगत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये गव्हर्नरांच्या बनावट चित्रफिती फिरू लागल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेला तसा इशारा द्यावा लागला. काटोलला एका संत्रा बागायतदारानं मला अशीच एक चित्रफीत दाखवली होती. चेहरा तोच, आवाज तोच. “गव्हर्नर साहेब स्वतः सांगून राहिले ना जी.” ओठ आणि आवाज जुळतात का, हे बघत बसू नका असं मी त्यांना म्हटलं. ते तंत्र दर महिन्याला सुधारतं, डोळे हरतील. काय सांगितलं जातंय ते बघा. पैसे गुंतवा म्हटलं की ते गव्हर्नर नाहीत, मग चेहरा कुणाचाही असो. त्यांनी तोवर काही भरलं नव्हतं, हे नशीब.

बँकेच्या व्यवहाराचे फोन आता १६०० नं सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे १४० नं सुरू होणाऱ्यावरून यावेत असं ठरलंय. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’नं संपायला हवा, तेही ठरलंय. बाबांच्या बँकेचा पत्ता एकदा नीट बघून मोबाइलवर जतन करून दे, म्हणजे निरोपातल्या दुव्यावर बोट ठेवायची वेळच येणार नाही. नोटा-नाण्यांबद्दल काही ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्धिपत्रकांत ते आहे का, एवढंच बघ. नसेल तर ते नाही. बँकेनं तक्रार ऐकली नाही तर १४४४८ वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या, व्यवस्थेची माहिती मिळते. आजोबांची जुनी विसरलेली ठेव असेल तर ‘उद्गम’ पोर्टलवर नावानं शोधता येते. हे पोर्टल ऑगस्ट २०२३ पासून आहे, आणि मी त्यावर आतापर्यंत तीन कुटुंबांना त्यांच्या ठेवी शोधून दिल्या आहेत.

जगात यापेक्षा चांगलं होतं का? होतं. बँक ऑफ इंग्लंडनं नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या महागाई अहवालासोबत चित्रांचा, सोप्या शब्दांतला सारांश काढायला सुरुवात केली. युरोपची मध्यवर्ती बँक आपल्या निर्णयाचा सोपा मजकूर २४ भाषांत देते. जमैकाच्या मध्यवर्ती बँकेनं महागाईचं लक्ष्य समजावायला थेट रेगे गाणी केली, कारण तिथं लोक तेच ऐकतात. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे पोच तर प्रचंड आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्विटरवर दहा लाख अनुयायी गाठणारी ती जगातली पहिली मध्यवर्ती बँक होती. “आरबीआय कहता है” या मोहिमेत अमिताभ बच्चन आले. सावधगिरीचं साहित्य मराठीतही निघतं आणि ते चांगलं असतं. पण सावध राहा हे मराठीत, आणि दर का बदलला हे इंग्रजीत, ही वाटणी मला मान्य नाही. प्रत्येक नोटेच्या मागच्या पट्ट्यात पंधरा भाषांत किंमत छापलेली असते, त्यात मराठी आहे. जी संस्था नोटेवर मराठी लिहिते तिनं पतधोरणाचं एक पान, सकाळी दहाच्या निवेदनासोबत, त्याच मिनिटाला मराठीत द्यावं. आणि ते पान बँकेच्या प्रत्येक शाखेत दर्शनी भिंतीवर लागावं, म्हणजे चार माणसं एकत्र उभी राहून वाचतील. गोकुळपेठेतल्या त्या बाईंना हवं होतं ते हेच.

तोवर बाबांसाठी एक काम तू कर. तुमच्या घराचं कर्ज ऑक्टोबर २०१९ नंतरचं, बदलत्या दराचं आणि बँकेकडून घेतलेलं असेल, तर ते बहुधा रेपो दराशी बांधलेलं आहे, आणि किमान तीन महिन्यांतून एकदा तो दर नव्यानं लागू व्हायला हवा. २५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी असेल तर हप्ता २१,७०० च्या जवळ येतो. पाव टक्का उतरला की महिन्याला सुमारे ४०० रुपये वाचतात. हप्ता तसाच ठेवला तर कर्ज दहा-अकरा महिने आधी फिटतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या नियमानुसार बँकेनं दर तिमाहीला उताऱ्यात किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले आणि सध्याचा दर काय, हे द्यायचं आहे. तो उतारा काढ, मागच्या वर्षीचा शेजारी ठेव, आणि दर किती उतरला ते बघ. रेपो जेवढा उतरला तेवढा तो उतरलेला नसेल तर दोन्ही कागद घेऊन शाखेत जा आणि लेखी विचार. अर्जाचा मसुदा लागला तर मला कळव, मी मराठीत लिहून देतो.